जज्जसाहेब बाजू बदलतात

आमच्या व्हिया मिलाग्रोसा वसाहतीचं टेनिस कोर्ट ज्याने आखलं, त्या भल्या माणसाला टेनिस येत नव्हतं हे एक वेळ समजून घेता येईल. पण सूर्य कुठे मावळतो एवढं तरी त्याला ठाऊक असायला हवं होतं. कोर्ट आखायचं ते उत्तर-दक्षिण, म्हणजे कुणाच्याच डोळ्यांत ऊन जात नाही. आमचं आहे पूर्व-पश्चिम, कारण प्लॉटच तेवढा उरला होता. दुपारी चारनंतर पूर्वेच्या बाजूला उभं राहिलं की चेंडू दिसत नाही, जाळी दिसत नाही, समोरचा खेळाडू तर नाहीच नाही. दिसतो तो फक्त सूर्य, आणि तोही अगदी नाकासमोर.

या पूर्वेच्या बाजूला एलिहियो मागपान्ताय अकरा वर्षं उभा होता.

पश्चिमेच्या बाजूला, सूर्याकडे पाठ करून, निवृत्त न्यायाधीश क्रिसान्तो दिमायुगा. ते वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष. त्यांच्या मागे क्लबचा व्हरांडा, व्हरांड्यात त्यांची वेताची खुर्ची, खुर्चीजवळ टेबलफॅन आणि फॅनजवळ थंड पाण्याचा थर्मास. टेनिसमध्ये एक गेम झाला की खेळाडूंनी बाजू बदलायची, मग तिसऱ्यानंतर, पाचव्यानंतर, असं प्रत्येक विषम गेमनंतर बदलत राहायचं, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत होतं. पण वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला 'उठा, उन्हात चला' असं सांगायचं कुणी? एकदा मनिलाहून आलेल्या कुणाच्या तरी जावयाने विचारलं होतं, "सर, बाजू बदलायची ना?" जज्जसाहेब प्रेमाने हसून म्हणाले, "बदलू की, जरा वेळाने." त्याला नऊ वर्षं झाली. तो जावई आता दोन मुलांचा बाप आहे, आणि जरा वेळ अजून झालेला नाही.

एलिहियोचं दुखणं तर आणखी खोल होतं. जज्जसाहेबांच्या कोर्टात, म्हणजे न्यायाच्या कोर्टात, तो सव्वीस वर्षं कारकून होता. साहेब आत आले की आपण उठायचं आणि बाकीच्यांना उठायला सांगायचं, हे त्याचं मुख्य काम. नोकरी संपली, पण पाठीचा कणा काही निवृत्त झाला नाही. साहेबांची जाडजूड भुवई दिसली की तो आजही ताठ होतो, मग तो मासळीबाजारात का असेना.

दर सप्टेंबरात आमच्या वसाहतीच्या जत्रेत टेनिसचा चषक असतो. एका सेटचा अंतिम सामना, रविवारी चार वाजता. एलिहियो सात वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि सातही वेळा जज्जसाहेबांकडून हरला. यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं, "ही जत्रा खेळून घ्या. पुढल्या वर्षी तुम्ही फक्त टाळ्या वाजवायच्या." त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या काळजाला हे शब्द किती लागतात, ते आपल्याला त्या वयाचं झाल्याशिवाय कळायचं नाही. त्या दिवशी एलिहियोने ठरवलं, की एकदा, आयुष्यात फक्त एकदा, आपण नियमाने खेळायचं.

"मग जाऊन सांग की त्यांना," त्याची बायको रुफिना म्हणाली.

"सरळ?"

"नाही तर काय, तिरपं?"

आता सरळ जाऊन सांगणं ही काय पद्धत झाली? आमच्याकडे नाजूक गोष्ट मध्यस्थाकडून पोचवतात. एलिहियोने शेजारच्या बेर्तिंगला गाठलं. बेर्तिंग त्याच्या मुलीचा धर्मपिता, शिवाय त्याला सगळ्या गोष्टींतलं सगळं कळतं. दोघं एकमेकांना 'पारे' म्हणतात, म्हणजे जिवलग मित्रा. एलिहियो म्हणाला, "पारे, नियमाप्रमाणे बाजू बदलायला हवी, एवढं मिंडाबाईंच्या कानावर घाल." मिंडा आल्काराझ या संघाच्या सेक्रेटरी, आणि जज्जसाहेबांशी बोलणाऱ्या त्या एकट्याच. बेर्तिंगला वाटलं, 'हवी' हा शब्द जरा कडक होतोय. तो मिंडाबाईंना म्हणाला, "एलिहियोच्या मनात बाजूंबद्दल काही तरी आहे." मिंडाबाईंनाही वाटलं, मोठ्या माणसाला एवढं तरी कशाला बोचवायचं? त्या साहेबांना म्हणाल्या, "बिचाऱ्या एलिहियोला हल्ली ऊन सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी जज्जसाहेबांनी एलिहियोला टोपी पाठवली. रुंद काठाची, पिवळीजर्द, त्यांच्या मेव्हण्याच्या निवडणुकीत उरलेली. वर मेव्हण्याचं हसरं तोंड छापलेलं.

एलिहियोने ती टोपी खुंटीला टांगली, मेव्हण्याचं तोंड भिंतीकडे करून. तोवर बातमी गल्लीत पसरली होती. उजवीकडच्या काकूंनी डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले. औषधांच्या दुकानदाराने पोट साफ ठेवायला सांगितलं, कारण ऊन न सोसण्याचं मूळ तिथेच असतं म्हणे. बेर्तिंगने आपल्या मोटारसायकलचा काळा गॉगल दिला. "माझं डोळ्यांचं काही नाही," असं एलिहियो जितक्यांदा म्हणाला, तितक्यांदा लोकांनी एकमेकांकडे काळजीने पाहिलं.

"तोंडी कामं अशीच होतात," रुफिना म्हणाली. "सव्वीस वर्षं कारकुनी केलीस ना? मग अर्ज कर."

हे मात्र एलिहियोला पटलं. त्याने तीन प्रतींत अर्ज केला. बाजू बदलण्याचं कारण असं, की सूर्य, वारा आणि जमिनीचा उतार यांचा फायदा एकालाच मिळू नये. तोटाही दोघांनी वाटून घ्यावा. पहिल्या गेमनंतर बदलायचं पण बसायचं नाही. पुढे दर दोन गेमनी बदलताना बसून घोटभर पाणी प्यायला हरकत नाही. अर्ज इतका सुंदर झाला की एलिहियोने तो स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

संघाच्या बैठकीत अध्यक्षस्थानी जज्जसाहेबच. अर्ज वाचून ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे. माझी कधीच ना नव्हती. पण नियमात बसण्याची सोय म्हटलीय. पश्चिमेला सावली आहे, पूर्वेला काही नाही. मी ज्येष्ठ नागरिक. समान सोय नसताना बाजू बदलायला लावणं म्हणजे माझ्या हक्कावर गदा. अर्जदाराने पूर्वेला सावलीची सोय करावी. मग मी आनंदाने बदलेन."

अकरा वर्षं एलिहियो ज्या उन्हात बिनासावलीचा उभा होता, तिथे साहेबांसाठी सावली करायची, आणि तीही एलिहियोनेच. त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तेवढ्यात साहेबांची भुवई वर गेली आणि एलिहियो उभा राहून "होय, सर," म्हणाला.

"उभा कशाला राहिलास?" घरी रुफिनाने विचारलं.

"पाय आपोआप उठले."

त्याने हमरस्त्यावरच्या विक्रेत्याकडून बांबूची एक तयार झोपडी ठरवली, वर निपा माडाची पानं, आत बाकडं. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी. बेर्तिंग म्हणाला, "पारे, सहा जणांची घे. जत्रेत कामाला येईल." सहा जणांची घेतली. मग कळलं की कुठलंही बांधकाम उभारायला बारांगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, कचेरीचा दाखला लागतो. तिथल्या बाईंकडे घराचा फॉर्म होता, दुकानाचा होता, डुकरांच्या गोठ्याचा होता. जज्जाला बसायच्या झोपडीचा नव्हता.

"यात कोण राहणार?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. गेम झाल्यावर दीड मिनिट बसायचं."

"म्हणजे कशाची तरी वाट बघत बसायचं?"

"पुढच्या गेमची, असं म्हणता येईल."

"मग हा बसथांबा झाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बसथांब्याचा फॉर्म काढला. आता बसथांब्यावर बारांगायच्या कप्तानाचं, म्हणजे तिथल्या प्रमुखाचं, नाव हवंच, तसा शिरस्ता आहे. त्यामुळे झोपडीवर कप्तानाच्या फोटोचा भलामोठा फलक आला: 'हा बसथांबा कप्तानांच्या प्रयत्नांतून.' प्रयत्न एलिहियोचे, पान्सित रुफिनाचे आणि फोटो कप्तानाचा.

पान्सित, म्हणजे आमच्याकडच्या परतलेल्या शेवया, कशासाठी ते सांगायचं राहिलं. झोपडी आली खरी, पण कोर्टाचं फाटक चार फुटांचं आणि झोपडी नऊ फुटांची. सहा जणांची घ्यायचा सल्ला देणारा बेर्तिंग त्या वेळी आभाळाकडे बघत होता. शेवटी आमच्या बापजाद्यांनी जे केलं तेच करायचं ठरलं: वसाहतीतल्या अठरा पुरुषांनी खाली लांब बांबू घातले, झोपडी खांद्यांवर घेतली आणि कुंपणावरून पलीकडे उतरवायला लागले. अठरा माणसं आणि अठरा पुढारी. "डावीकडे घ्या." "तुझं डावं की माझं?" "मधले, हात लावा, नुसते चालू नका." कुंपणावर झोपडी अर्ध्यात असताना औषधवाल्याला शिंक आली आणि सगळ्यांनी श्वास रोखला. पण झोपडी उतरली, एक बांबूसुद्धा न मोडता. अठरा जणांनी रुफिनाचे दोन मोठी घमेली भरून केलेले पान्सित संपवले आणि एलिहियोच्या पाठीवर थापा मारल्या. अनेक दिवसांनी त्याची छाती भरून आली.

चार वाजता तो मोठ्या अभिमानाने बाकड्यावर जाऊन बसला. बसला आणि लगेच डोळ्यांवर हात धरला. झोपडीचं तोंड कोर्टाकडे होतं, म्हणजे पश्चिमेला. ऊन थेट आत. सावली पडली होती झोपडीच्या मागे, गवतावर.

अठरा जण पान्सित खाऊन घरी झोपले होते. त्यांना पुन्हा उठवून झोपडी फिरवायची, तर पुन्हा पान्सित. ते झालं. आता झोपडीची पाठ कोर्टाला आणि तोंड पलीकडच्या भातखाचरांना. आत छान सावली. टेनिस मात्र दिसेना.

मिंडाबाईंनी पाहणी केली आणि वहीत नोंद घेतली: 'सावली आहे. दृश्य चांगले आहे.' समान सोय झाली. बाजू बदलण्याचा ठराव मंजूर झाला.

रविवारी सगळी वसाहत कोर्टाभोवती जमली. लोक टेनिस बघायला आले नव्हते, जज्जसाहेब उन्हात जातात ते बघायला आले होते. साहेबांनी नाणेफेक जिंकली आणि अर्थातच पश्चिमेची बाजू घेतली. एलिहियो म्हणाला, "सर्व्हिस आधी तुम्ही करा, सर." बेर्तिंगने कपाळाला हात लावला.

पहिला गेम एलिहियोने घेतला. अकरा वर्षं सूर्य डोळ्यांत घेऊन त्याने एक विद्या कमावली होती: तो चेंडू बघतच नसे. रॅकेटचा आवाज ऐकायचा, मनात दोन आकडे मोजायचे आणि आपली रॅकेट फिरवायची. त्याची सर्व्हिसही कमरेच्या उंचीवरून, कारण चेंडू वर फेकला की तो उन्हात विरघळायचा. आजवर तो हरला तो साहेबांच्या व्हरांड्याला, फॅनला आणि थर्मासला. आज साहेबांना ठाऊक होतं की चालत जायचं आहे, आणि त्या विचाराने त्यांचे पाय आधीच जड झाले होते.

"बाजू बदला," पंच झालेल्या मिंडाबाई हळूच म्हणाल्या.

जज्जसाहेब निघाले. कोर्टाभोवती इतकी शांतता पसरली की कुणाच्या तरी हातातल्या सरबतातला बर्फ ऐकू आला. जाळीला वळसा घालून ते पूर्वेला पोचले, वळले, आणि सूर्य त्यांच्या तोंडावर पडला. ते दोन पावलं मागे सरले. "इथे असं असतं?" ते म्हणाले. पश्चिमेला उभा असलेला एलिहियो मनातल्या मनात नाचत होता. आता बघाच.

बघितलं. पुढचे दोन्ही गेम एलिहियो हरला.

झालं काय, की आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत ऊन नव्हतं आणि त्याला सगळं दिसत होतं. आणि सगळ्यात ठळक म्हणजे साहेबांचा चेहरा. पूर्वेकडून खेळताना समोर नुसती काळी आकृती असायची, तिला भुवया नसायच्या. आता भुवया होत्या, त्याही उन्हाने आक्रसून एकमेकींना भिडलेल्या, थेट निकालाच्या दिवसासारख्या. एलिहियोने हात उचलला की भुवया दिसायच्या, कणा ताठ व्हायचा आणि चेंडू जाळीत. साहेबांना तिकडून काही दिसत नव्हतं. ते नुसते उभे होते, आणि जिंकत होते.

मग बाजू बदलली. साहेब पुन्हा काळी आकृती झाले आणि एलिहियोने दोन्ही गेम घेतले. पुन्हा बदलली, पुन्हा भुवया, पुन्हा दोन्ही गेम गेले. सहा जणांच्या झोपडीत साहेब भातखाचरांकडे तोंड करून पाणी प्यायचे, आणि एलिहियो पश्चिमेला त्यांच्या वेताच्या खुर्चीपाशी उभाच राहायचा, कारण तिच्यात बसायची त्याची छाती नव्हती. आठवा, नववा त्याचे. पाच-चार. आता पश्चिमेकडून स्वतःची सर्व्हिस, एक गेम घेतला की चषक हातात. तो गेम तो इतका वाईट हरला की रुफिनाने पदर नव्हता म्हणून टॉवेल तोंडावर घेतला. पाच-पाच.

अकराव्या गेमला सर्व्हिस साहेबांची, पूर्वेकडून, सूर्य आता बरोबर जाळीवर उतरलेला. साहेब चेंडू वर फेकायचे आणि तो कुठे गेला ते शोधायचे. चार डबल फॉल्ट. एलिहियोला रॅकेट हलवावीसुद्धा लागली नाही. सहा-पाच.

"बाजू बदला," मिंडाबाई म्हणाल्या.

जज्जसाहेब हलले नाहीत. त्यांनी घाम पुसला. एकोणतीस वर्षं न्यायदान केलेला माणूस तो. पहिल्या गेमपासून कोण कुठून जिंकतंय, हे त्या अख्ख्या कोर्टावर फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं.

"एलिहियो," ते मोठ्या मायेने म्हणाले, "तुझा गुडघा दुखतो, मला माहीत आहे. तू तिथेच थांब, सावलीकडे. मी इथे उन्हात राहतो. या शेवटच्या गेमला नाही बदललं तर काय बिघडलं?"

सगळीकडे कौतुकाची कुजबुज झाली. केवढं मोठं मन. "थांब, पारे, थांब," बेर्तिंग ओरडला, "ते स्वतः म्हणतायत." औषधवाला म्हणाला, "पदरात पडलं ते घे." अठरा पान्सितवाले एका सुरात माना हलवत होते. ज्या बाजूसाठी अकरा वर्षं झुरला, ती बाजू आज साहेब हातात ठेवत होते, सगळ्यांसमोर, गोड शब्दांत. आणि एलिहियोला साहेबांच्या भुवया दिसत होत्या.

त्याचे पाय ताठ झाले. तोंडात 'होय, सर' तयार होतं. सव्वीस वर्षं ते तिथेच असायचं, पुढच्या दातांच्या मागे. त्याने ते गिळलं. गिळताना घशाला लागलं, इतकं मोठं होतं ते.

"नाही, सर," एलिहियो म्हणाला. "अकरा गेम झाले. विषम आहे. बदलावं लागेल."

आणि तो चालायला लागला. गुडघा दुखत होता तरी लंगडला नाही. जाळीपाशी दोघं समोरासमोर आले, तेव्हा बाजूला सरले ते जज्जसाहेब. रुफिनाने टॉवेल तोंडावरून काढला. ती रडत होती आणि बेर्तिंगला सांगत होती, "बघितलंत? नाही म्हणाला. माझा नवरा नाही म्हणाला."

पूर्वेला पोचून एलिहियो वळला. सूर्य त्याच्या डोळ्यांत शिरला. समोर फक्त काळी आकृती. किती बरं वाटलं त्याला. कमरेच्या उंचीवरून सर्व्हिस, पंधरा. आणखी एक, तीस. एक चेंडू साहेबांनी कोपऱ्यात टाकला, तीस-पंधरा. मग चाळीस-पंधरा. शेवटचा चेंडू साहेबांनी उंच टोलवला, थेट सूर्यात, जिथे तो आमच्यापैकी कुणालाच दिसला नाही. एलिहियोने वर पाहिलंही नाही. त्याने रॅकेटचा आवाज ऐकला होता. मनात मोजलं, एक, दोन, आणि उंच चेंडू म्हणून आणखी एक, आणि आपली रॅकेट फिरवली.

चेंडू वेताच्या खुर्चीच्या पायाशी जाऊन थांबला. रेषेच्या आत टप्पा पडून.

लोकांनी जो काही कल्ला केला तो हमरस्त्यापर्यंत गेला असेल. अठरा माणसांनी झोपडीसाठी आणलेले बांबू नाचवले. या गोंधळात जज्जसाहेब, उन्हाने आणि चालण्याने पार गुंगून गेलेले, टॉवेल खांद्यावर टाकून निमूटपणे पूर्वेकडे यायला निघाले.

"सर, कुठे चाललात?" एलिहियोने विचारलं.

"बाजू बदलायला," साहेब म्हणाले. "नियम आहे ना तुझा?"

"सात-पाच झाले, सर. म्हणजे बारा. सम आहे. आता बदलायची नाही."

साहेब थांबले. त्यांनी डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं. "मग आता काय करायचं?"

"आता काही नाही, सर," एलिहियो म्हणाला. "मी जिंकलो."